शनिवारवाड्याजवळ जुनं घर घेताना: आयतं रिनोव्हेशन बरं की गळकं घर?

कसब्यात वाड्यातला हिस्सा शोधत होतो तेव्हा शेवटी दोन घरं उरली, दोन्ही शनिवारवाड्यापासून 100 मीटरच्या आत. कोणी त्याच पेचात असेल म्हणून लिहितोय.

पहिलं राहायला तयार. वर अटॅच्ड बाथरूम, खाली पीओपीचं सीलिंग, मागे नवा स्लॅब. आईला बघताक्षणी आवडलं. दुसऱ्याची कौलं गळत होती, संडास चौकात, जिना डुगडुगणारा. दुरुस्ती धरली तर खर्चात फार फरक नव्हता.

मी अडकलो ते त्या बाथरूमवर. मंजूर नकाशा मागितला तर नाही, बरं पाइप खाली कुठून येतो विचारलं तर मालकांना माहीत नाही, मिस्त्री कधीच गावी गेलेला. खाली बरोबर त्याच कोपऱ्यात ओल आणि त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. सागवानी तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाला, आणि नेमकं तेच पीओपीने झाकलेलं. थोडं फोडून बघू द्या म्हटलं, नाही म्हणाले. ती ओल काही डोक्यातून जाईना.

कागदाचं म्हणाल तर शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीची परवानगी मात्र मागता येते. म्हणजे गळकं घर रीतसर दुरुस्त होऊ शकतं, पण मागाहून गुपचूप टाकलेला स्लॅब 'नंतर रेग्युलराइज करून घेऊ' असं एजंट म्हणाला तरी मला ते पटलं नाही. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, बेकायदा बांधकाम पाडायची नोटीस आली की ती विकून गेलेल्याला नाही, आपल्याला येणार.

दुसऱ्या घरात जे बिघडलंय ते डोळ्यांना दिसत होतं, याचंच मला बरं वाटलं. कडीपाट म्हणजे तुळया-फळ्यांचं लाकडी छत उघडं, सुताराने एकेक तुळई ठोकून बघितली, दोन बदलायला सांगितल्या. तेच घेतलं. परवानगीत आठ महिने गेले, पावसाळाभर ताडपत्री, आई तोवर भाड्याच्या खोलीत, तिचे खूप हाल झाले. ज्यांना इतकं थांबणं शक्य नाही त्यांनी पहिल्यासारखं घर कदाचित घ्यावंही, पण टोकन द्यायच्या आधी सीलिंग फोडून तुळईचं टोक बघू देत असतील तरच.