‘ट्रीहाउस’ मालिका: दिवाळीपासून वार्षिक परीक्षेपर्यंतचा आमच्या घरातला अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत ही पुस्तकं घरात आली, आता पोरांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात. एवढ्या दिवसांत शाळेच्या गेटवर, लग्नाकार्यात, भाजी घेताना कितीतरी जणींनी विचारलं, ‘कशी आहेत गं ती झाडाची पुस्तकं? घ्यावीत का?’ प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगते, पण निम्मं राहून जातं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

घरात दोन वाचक. थोरला पाचवीत, सेमी इंग्रजीला. धाकटी तिसरीत. आणि एक श्रोता, पोरांची आज्जी. तिचं मत पुढं येईलच.

पुस्तकं मूळची ऑस्ट्रेलियातली, इंग्रजी. लेखक अँडी ग्रिफिथ्स, चित्रकार टेरी डेंटन. पहिलं पुस्तक २०११ सालचं, ‘द थर्टीन स्टोरी ट्रीहाउस’. झाडावर तेरा मजल्यांचं घर. त्यानंतर दर वर्षी एक पुस्तक आणि दर पुस्तकात तेरा मजले वाढीव. सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न करत करत २०२३ साली १६९ मजल्यांवर बांधकाम थांबलं. म्हणजे एकूण तेरा पुस्तकं. धाकटीचा तेराचा पाढा याच नादात पाठ झाला. बाराचा अजून अडखळतो.

गोष्ट अशी आहे. अँडी आणि टेरी (लेखक-चित्रकारांनी स्वतःचीच नावं पात्रांना दिलीत) त्या झाडावर राहतात आणि पुस्तकं लिहितात. म्हणजे लिहायला पाहिजेत. पण घरात माणसं खाणाऱ्या शार्कची टाकी आहे, लिंबू सरबताचं कारंजं आहे, बोलिंग खेळायची जागा आहे, भूक लागली की मागं मागं येऊन तोंडात मार्शमेलो उडवणारं यंत्र आहे. असल्या घरात कोण लिहीत बसतंय? मग मिस्टर बिग नोज नावाचा नाकाड्या प्रकाशक ओरडतो, पुस्तक कुठाय? की सुरू धावपळ. त्यात माकडं घुसतात, समुद्रातला राक्षस येतो, भलामोठा गोरिला येतो, आणि शेवटी झालेला सगळा राडाच लिहून-चितारून पुस्तक म्हणून दिला जातो. तेच पुस्तक आपल्या हातात असतं. सगळ्या भागांचा साचा साधारण हाच. रविवारी रात्री साडेनऊला ‘मम्मी, उद्या चार्ट न्यायचाय’ म्हणणाऱ्या पोरांना हे दोघं आपल्याच वर्गातले वाटतात, यात नवल नाही.

आता थोरल्याबद्दल. हा पोरगा गोष्टीचं पुस्तक हातात धरत नव्हता. इंग्रजीचा धडा वाच म्हटलं की पोटात दुखायचं. या पुस्तकात मात्र प्रत्येक पानावर काळ्या रेषांची चित्रं खचाखच भरलीत. एखाद्या पानावर दोनच ओळी असतात, एखाद्यावर नुसतंच ‘धडाम’ छापाचं काहीतरी. पान उलटायला वेळ लागत नाही. दोनशेच्या वर पानांचं इंग्रजी पुस्तक आपण संपवलं, ही गोष्ट त्यानं आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. दूधवाल्यालासुद्धा. त्यातले किती शब्द कळले, हे मी विचारलं नाही. चित्रावरून निम्मं कळतं, उरलेलं तो ठोकून देतो. माझ्या मते या वयाला तेवढं पुरे.

धाकटीला एकटीनं वाचणं जमत नाही, त्यामुळं रात्री जेवणं झाली की मी वाचायचे. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि लगेच आपल्या भाषेत सांगायचं, अशी पद्धत पडली. पहिल्या भागात टेरी शेजारच्या जिलचं मांजर पिवळ्या रंगानं रंगवतो, त्या मांजराला पंख फुटतात आणि ते कॅनरी पक्षी होऊन उडून जातं. इथं आमच्याकडं वाचन थांबलं, कारण धाकटी हसून हसून गादीवरून खाली आली. आज्जी जपमाळ घेऊन बाजूच्या पलंगावर. तिला वाटतं आपण ऐकत नाही असं पोरांना वाटतंय. मांजर उडालं तसं ती म्हणाली, ‘आन् झाड कशाचं हाय म्हणायलीस?’

पोरांना सांगता येईना. मलाही. आज्जीनं माळ खाली ठेवली. ‘कडुलिंबाचं आसंल तर तेरा मजले पेलत न्हाय. चिंच पायजे, न्हाय तर वड. वडाला पारंब्या टेकू देत्यात.’ मग पोरांनी मागं फिरून पहिल्यापासून सगळी पानं पाहिली, खोड कसं, फांद्या कशा. पुढं सव्वीस मजल्यांचं पुस्तक उघडलं तेव्हा आज्जीचा पहिला प्रश्न होता, ‘झाड तेच का?’ तेच म्हटल्यावर तिनं मान हलवली. त्या बांधकामावर तिचा विश्वास बसलेला नाही तो नाहीच.

यावरून माझ्या एक लक्षात आलं, आणि विचारणाऱ्या सगळ्यांना मी हेच आधी सांगते. या पुस्तकांत पोरांना गोष्टीपेक्षा मजले आवडतात. गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरली जाते. पण कुठल्या मजल्यावर काय, हे झोपेतून उठवून विचारा. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला अख्ख्या झाडाचं मोठं चित्र असतं, त्यावर आमच्याकडच्या प्रतीला बोटांचे डाग पडलेत. अठ्ठ्याहत्तर चवींचं आइस्क्रीम देणारा यंत्रमानव, चॉकलेटचा धबधबा, निन्जा गोगलगायींची शाळा. या गोगलगायी बावन्न मजल्यांच्या भागात लढाईला निघतात, पण गोगलगायीच त्या, कधी पोचणार! हा एक विनोद मात्र मला स्वतःला फार आवडला.

येळवशीला आम्ही सगळे औशाकडं माहेरच्या शेतात गेलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या आमच्या लातूर-धाराशिव भागात दिवाळीएवढी मोठी. गाव मोकळं पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, पूजा, आंबील, उंडे, भज्जी, आणि दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. थोरल्यानं एक पुस्तक पिशवीत घालून आणलं होतं. जेवणं झाल्यावर मामा-मावश्यांची पोरं चिंचेखाली जमली. मला वाटलं वाचतील. कशाचं काय. एकानं सगळ्यांना चित्र दाखवलं आणि अर्ध्या तासात पुस्तक ज्वारीच्या ताटांपाशी पालथं पडलं होतं आणि पोरं मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचं झाड काढत होती.

तो कागद माझ्याकडं आहे. त्यावर बासुंदीचा पोहण्याचा तलाव आहे. (लातूर-तुळजापूर रस्त्यावर उजनी लागते, तिथल्या बासुंदीसाठी आमच्या गाड्या आपोआप थांबतात, त्याचा हा परिणाम.) आंबिलीचं कारंजं आहे. क्रिकेटचं ग्राउंड आहे, तिथं चेंडू हरवला की झाड स्वतः परत फेकतं. भाच्यानं एक मजला काढलाय, तिथं ट्यूशनचे सर उलटे टांगलेत आणि पोरं त्यांची टेस्ट घेतायत. आणि सगळ्यात वर धाकटीनं रांगोळीसारख्या अक्षरात लिहिलंय, ‘रोज नळ येणारा मजला’. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण घरात नळाच्या दिवशी काय पळापळ असते ते तिला माहीत आहे. शार्क आणि चॉकलेटच्या रांगेत तिच्या दृष्टीनं हेही बसतं.

म्हणून म्हणते, पुस्तक विकत घेताना सोबत कोरे कागद ठेवा. पुस्तक काय ते आठवडाभर, पण हा खेळ अजून चालू आहे.

मोठ्यांना आवडेल असं एक पुस्तक या मालिकेत आहे आणि ते पासष्ट मजल्यांचं. कळतं काय, तर एवढ्या मोठ्या बांधकामाला परवानाच नाही! इन्स्पेक्टर येतो, झाड पाडायचा हुकूम. मग दोघं मागच्या काळात जाऊन परवाना काढायला निघतात, तेही कचऱ्याच्या चाकांच्या डब्याचं कालयंत्र करून. आणि भलत्याच काळात जाऊन पडतात. आमचे हे एरवी पोरांच्या पुस्तकाकडं बघत नाहीत. त्या रात्री मोबाइल बाजूला ठेवून बसले आणि पोरांपेक्षा मोठ्यानं हसले. प्लॉट, सातबारा, नकाशा मंजुरी ज्यांनी केलंय त्यांना हा भाग वेगळाच लागू पडतो.

एकोणचाळीस मजल्यांच्या भागात आणखी एक गंमत आहे. टेरी एक यंत्र बनवतो, ते पुस्तक आपोआप लिहितं आणि चित्रंही काढतं. म्हणजे या दोघांना काम नाही. मग यंत्रच शेफारतं आणि त्यांना दाराबाहेर काढतं. पुस्तक २०१३ सालचं आहे बरं का. थोरल्यानं वाचून विचारलं, ‘हे तर मोबाइलवर आहे की, मग यात हसायचं काय?’ मला उत्तर सुचलं नाही.

आता न आवडलेलं. चौथ्या भागापासून मला स्वतःला कंटाळा यायला लागला. साचा तोच, शेवटची धावपळ तीच. ओळीनं एकामागून एक वाचायला घेतली तर मोठं माणूस दमतं. पोरं दमत नाहीत, ती तेच पान दहा वेळा उघडतात. ढेकर, चड्डी असले विनोद भरपूर. दुसऱ्या भागात तर टेरीची चड्डी खाऊन शार्क आजारी पडतात आणि त्यांच्यावर उपचार करावे लागतात. आमच्या घरी हे चाललं. पण एका नणंदेनं पुस्तक चाळून परत दिलं, ‘असलं कशाला वाचायला देतीस?’ ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी दुकानात आधी चाळून बघावं.

दुसरी तक्रार भाज्यांची. पहिल्या भागात भाज्यांची वाफ करून टाकणारं यंत्र आहे आणि बावन्न मजल्यांच्या भागात भाज्या चक्क खलनायक आहेत. परिणामी धाकटी दोडक्याच्या भाजीवर चमचा रोखून ‘फुस्स’ करते. शेपूवर दोनदा करते.

तिसरी तक्रार माझी नाही, धाकटीची. जिल हुशार आहे, तिच्याकडं ढीगभर प्राणी आहेत, अडचण आली की तीच निस्तरते. ‘मग ती झाडावर का राहत नाही? तिचा मजला कुठाय?’ पोरीचा मुद्दा खरा आहे. दोन वेंधळ्यांचं घर आणि शहाणी शेजारीण, अशी रचना. घरातल्या कागदी झाडावर मात्र जिलला दोन मजले मिळालेत, एक तिला आणि एक उंटाला.

छपाई काळी-पांढरी आहे. धाकटीनं रंगीत पेन्सिलींनी त्याची सोय केली. थोरल्याला ते आवडलं नाही आणि त्यावरून एक मोठं भांडण झालं, त्यानंतर पुस्तकांची वाटणी झाली. पहिल्या पुस्तकाचा पुठ्ठा दोघांच्या ओढाओढीत सुटला, फेविकॉल लावून वर वरवंटा ठेवला रात्रभर. ते अजून टिकून आहे. किमती सारख्या खाली-वर होतात, त्यामुळं इथं आकडा देत नाही. आम्ही पाचच भाग घेतले, पुढचे आठ घेण्याची घाई नाही.

आमच्या गावात पुस्तकाबद्दल एक प्रश्न हमखास येतो. लातूर म्हणजे पॅटर्न, चौकाचौकात टॉपरांचे फोटो. ‘यातून काय शिकायला मिळतं? स्कॉलरशिपला उपयोग होईल का?’ नाही होणार. थोरल्याचं इंग्रजी सुधारलं का, तर मार्कांत काही दिसलं नाही. वर्गात इंग्रजी वाचायला उभं राहायची भीती कमी झाली, एवढं त्याच्या मॅडम म्हणाल्या. तेही या पुस्तकांमुळंच असं मी छातीठोक सांगणार नाही. उपयोगासाठी घ्यायचं असेल तर व्यवसायमाला घ्या, ती स्वस्त पडते.

मराठीत वाचायला हवं असेल तर बालभारतीचा ‘किशोर’ आहेच, १९७१पासूनचा. जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. धाकटी ते आवडीनं बघते, थोरला अजून वळलेला नाही. मी मागं लागत नाही.

कुणी घ्यावी: साधारण सात ते अकरा वयाची, एका जागी न बसणारी पोरं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी. आधीच जाडजूड गोष्टी वाचणारं मूल असेल तर त्याला हे पोरकट वाटेल. सुरुवात पहिल्या भागापासून करा. मग क्रम मोडून थेट पासष्टवर गेलात तरी काही बिघडत नाही. पाचही भाग एकदम देऊ नका. आम्ही एक संपल्यावर दुसरा काढायचो आणि तोपर्यंत बाकीचे कपाटात साड्यांच्या खाली.

सध्या सव्वीस आणि बावन्न निलंग्याच्या भाच्याकडं आहेत. येळवशीच्या सुमारास नेले ते अजून परत आलेले नाहीत. कुणी तिकडं जाणार असेल तर सांगा.