लाकडावर निळी डाय: पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

ॲशच्या लाकडाचं पुस्तकांचं कपाट आम्ही निळं करून घेतलं. त्याने आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिला आहे. पाण्यात विरघळणारी पावडर डाय वापरली होती. मी ती पुन्हा घेईन. त्रास झाला, पण तो डायपेक्षा खालच्या लाकडामुळे आणि वरच्या पॉलिशमुळे जास्त.

ऑइल पेंट लाकूड झाकून टाकतो. डाय आत मुरते आणि रेषा दिसत राहतात. पण त्यामुळेच लाकडाचा मूळ रंगही तिच्यात मिसळतो. ॲश फिकट पिवळसर, म्हणून निळ्यात थोडी हिरवी झाक पहिल्याच हातात आली. खरा हिरवेपणा दिसला तो सीलर, म्हणजे पॉलिशखालचा रंग बंद करणारा हात, मारल्यावर. पॉलिशवाल्याने नेहमीची पिवळी चपडा लाख वापरली होती. उरलेल्या तुकड्यांवर वेगवेगळं करून पाहिलं, तेव्हा कारण स्पष्ट झालं. मेण काढलेल्या फिकट लाखेवर पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन, वरचं पारदर्शक पॉलिश) मारलेला तुकडा निळाच राहिला. ऑइल बेस पीयूचा हिरवट झाला, आणि ते तर काळाबरोबर आणखी पिवळं पडत जातं. मग कपाटाचं वरचं पॉलिश घासून उतरवलं, डायमध्ये किंचित जांभळी मिसळून एक पातळ हात दिला आणि फिकट लाखेचा सीलर केला. रंग जागेवर आला.

मधली लाख टाळू नका. पाण्याचं पीयू थेट या डायवर मारलं तर ब्रशबरोबर रंग सुटतो आणि पट्टे उमटतात. लाख स्पिरिटमध्ये असते, त्यामुळे ही डाय फारशी हलत नाही. लाख मेण काढलेलीच हवी, नाहीतर वरचं पीयू नीट धरत नाही.

डाय वाळल्यावर रंग खडूसारखा निस्तेज दिसतो, त्याने घाबरू नये. पॉलिश चढलं की तो खुलतो. म्हणून रंग ठरवायचा तो पॉलिश केलेल्या नमुन्यावरच.

सांध्यांजवळचे पांढरे ठिपके म्हणजे बाहेर आलेला गोंद, तिथे डाय शिरतच नाही. डायच्या आधी सगळं लाकूड ओल्या फडक्याने पुसा. डाग तेव्हाच दिसतात, शिवाय उभे राहिलेले तंतू वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने हलके घासून घेता येतात. नाहीतर पहिल्या हातानंतर पृष्ठभाग खरखरीत लागतो. फळीच्या टोकांची कापलेली बाजू जास्त पिते, तिथे पातळ डाय लावा.

पावसाळ्यात रंग पुस्तकांना लागला नाही, चिकटपणाही आला नाही. याबाबत मी पूर्ण समाधानी आहे.

उन्हाबाबत मात्र नाही. बाल्कनीकडची बाजू स्पष्ट फिकी झाली आहे. तिथे टेकवलेली फ्रेम उचलली की मागे गडद चौकोन दिसतो. डाय पिगमेंटइतकी, म्हणजे पेंटमधल्या न विरघळणाऱ्या रंगकणांइतकी, ऊन सोसत नाही. घेताना मेटल कॉम्प्लेक्स (रंगाच्या रेणूशी धातू जोडलेला) प्रकारची मागा, साध्या डायपेक्षा ती जास्त टिकते. तरीही पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या वस्तूसाठी मी डाय सुचवणार नाही.