रत्नागिरीच्या पावसाळ्यात फाउंटन पेन: कार्ट्रिज, कन्व्हर्टर की दौत?

नववीत गेलेल्या भाचीला जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पोलादी निबेचे एक साधे फाउंटन पेन घेऊन दिले. त्याच्यासोबत आलेले एकुलते एक कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली बदलायची नळी, आठवडाभरात संपले आणि खरी खरेदी तिथून सुरू झाली. रत्नागिरीच्या बाजारपेठेत 'फाउंटन पेनाची रिफिल द्या' असे म्हटले की दुकानदार निर्विकारपणे बॉलपेनाची कांडी पुढे ठेवतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण आपल्याकडे रिफिल म्हणजे कांडीच. तिसऱ्या दुकानात 'शाई भरलेली प्लास्टिकची बोटाएवढी नळी' असे वर्णन केल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून धूळ बसलेली तीन पाकिटे खाली आली. ती तीन पाकिटे, नंतर मुंबईहून मागवलेला एक कन्व्हर्टर (दौतीतून पेनात शाई ओढणारा छोटा पंप) आणि शाईच्या दोन दौती यांच्यावर एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

पहिले पाकीट पार्करच्या क्विंक शाईचे होते. शाईबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, परंतु ती नळी आमच्या पेनात बसणे शक्यच नव्हते, आणि नवशिक्याची पहिली फसगत नेमकी इथेच होते. पार्कर, लामी, पायलट आणि प्लॅटिनम या कंपन्यांच्या नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या मापांची असतात आणि एकीची नळी दुसरीच्या पेनात चालत नाही. याउलट पेलिकन, वॉटरमन, कावेको, फाबर-कास्टेल यांच्या पेनांत आणि अनेक स्वस्त पेनांत 'स्टँडर्ड इंटरनॅशनल' या सामाईक मापाची नळी बसते. तिचा आखूड प्रकार सुमारे ३८ मिलिमीटर लांबीचा असून त्यात साधारण ०.८ मिलिलिटर शाई मावते, तर लांब प्रकारात जवळपास दुप्पट. प्लॅटिनमच्या पेनात ही सामाईक नळी बसवण्यासाठी एक छोटा जोडही मिळतो. म्हणून पेन घेतानाच त्याला कोणती नळी लागते हे खोक्यावर वाचून घ्यावे, आणि तिथे लिहिलेले नसेल तर जुनी रिकामी नळी खिशात टाकून दुकानात जावे. न बसणारी नळी जोर लावून बसवू नये, कारण पेनाच्या आतली, नळीत शिरणारी प्लास्टिकची चोच एकदा चिरली की ते पेन कायमचे गळू लागते.

दुसरे पाकीट आखूड सामाईक नळ्यांचे, सहा नगांचे, रॉयल ब्लू रंगाचे. ते एकशेवीस रुपयांना पडले आणि ठीक चालले. तिसऱ्या पाकिटातील नळ्या दिसायला हुबेहूब तशाच आणि किमतीने निम्म्या होत्या. घरी येऊन त्या उजेडासमोर धरल्या तेव्हा शाई जेमतेम अर्ध्यापर्यंत भरलेली दिसली. ही भरतानाची लबाडी असेलच असे नाही. नळीचे प्लास्टिक पूर्णपणे बंदिस्त नसते आणि वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेल्या नळीतील पाणी त्यातून हळूहळू उडून जाते. मागे राहते ती दाट, रंगाने गच्च शाई, जी निबेपर्यंत धड उतरत नाही आणि उतरली तर आतच सुकते. आपल्याकडे फाउंटन पेनाला गिऱ्हाईक कमी असल्यामुळे असा जुना माल दुकानात राहणे स्वाभाविक आहे. पाकीट पारदर्शक असेल तर नळीतली पातळी दुकानातच पाहून घ्यावी, आणि नसेल तर दुकानदाराच्या परवानगीने ते उघडून पाहावे; माझ्या दुकानदाराने नाक मुरडले, पण उघडू दिले.

'मामा, नळी भरलेली आहे, तरी पेन उठत नाही,' अशी तक्रार पहिल्या महिन्यात तीनदा आली. तिन्ही वेळा दोष शाईचाही नव्हता आणि पेनाचाही. अरुंद नळीत शाई पृष्ठताणामुळे कधीकधी मागच्या टोकालाच चिकटून राहते आणि तोंडाशी हवेचा बुडबुडा अडकतो. नळी बोटाने हलकेच टिचकावली, किंवा पेनाची नळकांडी काढून नळी किंचित दाबली, की शाई खाली येते. काही नळ्यांचे तोंड बारीक प्लास्टिकच्या गोळीने बंद केलेले असते. पेनात बसवताना ती गोळी आत पडते आणि पुढे खुळखुळत राहून हा बुडबुडा फोडण्याचे काम करते, त्यामुळे शक्य असेल तिथे गोळीच्याच नळ्या घ्याव्यात. नवी नळी लावल्यावर पेन निब खाली करून पाच-दहा मिनिटे उभे ठेवावे, म्हणजे निबेखालच्या जिभेतील केसासारख्या बारीक खाचा शाईने भिजतात आणि कागदावर ओरखडे काढत बसावे लागत नाही.

आता पैशाचे गणित. सहा नळ्यांत मिळून ४.८ मिलिलिटर शाई, म्हणजे मिलिलिटरला पंचवीस रुपये. कॅमलची ६० मिलिलिटरची रॉयल ब्लूची दौत मला पन्नास रुपयांच्या आत मिळाली, म्हणजे मिलिलिटरला रुपयासुद्धा नाही, आणि त्या एका दौतीतून आखूड नळी पंचाहत्तर वेळा भरता येते. भाचीची एक नळी दहा-बारा पाने पुरते. शाळेचा अभ्यास फाउंटन पेनानेच करायचा म्हटले तर नळ्यांचा खर्च आईवडिलांना परवडण्याजोगा नाही. (कॅमलच्या मागची कंपनी उभारणारे दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत गिरगावात शाईचा उद्योग सुरू केला तो १९३१ साली, 'घोडा छाप' शाईच्या पुडीपासून, आणि पार्करची क्विंक बाजारात आली तीही त्याच वर्षी. दुकानात या दोघींचे वंशज एकाच फळीवर शेजारी बसलेले पाहून मला उगाचच बरे वाटले.)

कन्व्हर्टर म्हणजे नळीच्या जागी बसणारा, मागची कळ फिरवून शाई ओढून घेणारा छोटा पंप. सगळेजण नवशिक्याला तोच सुचवतात आणि इथे माझे मत वेगळे आहे. त्यात आखूड नळीपेक्षा फारशी जास्त शाई मावत नाही, उलट बऱ्याचदा कमीच मावते. भरताना निब पूर्ण बुडवावी लागत असल्याने दौत अर्ध्याखाली गेली की शाई नीट ओढली जात नाही. आणि नववीतली मुलगी घाईघाईत निब पुसायला गणवेशाची बाही वापरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पेन धुण्यासाठी मात्र कन्व्हर्टरला तोड नाही, कारण साधे पाणी आतबाहेर ओढत राहिले की जीभ दोन मिनिटांत स्वच्छ होते. आमच्याकडे तो आता तेवढ्याच कामाला आहे.

रोजच्या वापरासाठी आम्ही रिकाम्या नळ्याच पुन्हा भरतो. औषधांच्या दुकानात मिळणारी दोन मिलिलिटरची सिरिंज घ्यावी, सुईचे टोक दगडावर घासून बोथट करावे, सुई नळीच्या तळापर्यंत नेऊन शाई हळूहळू सोडत वर यावे आणि तोंडाशी थोडी जागा मोकळी ठेवावी. हे काम मोठ्या माणसाने करावे, आणि खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. एक नळी अशी सात-आठ वेळा भरता आली. त्यानंतर तोंड सैल झाल्याचे जाणवले की ती टाकून दिली. आखूड नळीची आणखी एक सोय अशी की बऱ्याच पेनांत तिच्या मागे दुसरी भरलेली, न फोडलेली नळी उलटी करून ठेवता येते, म्हणजे परीक्षेच्या मध्येच शाई संपण्याची धास्ती नाही.

आपल्याकडे पूर्वी सर्रास दिसणारी ड्रॉपरने भरायची पेने अजूनही मिळतात आणि त्यांत दोन-तीन मिलिलिटर शाई सहज मावते, मग नळीची उठाठेव कशाला, असे एका शेजाऱ्याने विचारले. त्याचे उत्तर आंबा घाटात मिळते. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, आणि तेवढे वर चढल्यावर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी होऊन पेनातील हवा त्याच प्रमाणात फुगते. आखूड नळीत अर्धी हवा असली तरी हे फुगणे एका थेंबाहूनही कमी भरते आणि जीभ तेवढी शाई सांभाळून घेते. ड्रॉपरच्या पेनात दीड मिलिलिटर हवा असेल तर दोन थेंब शाई टोपणात उतरते आणि कोल्हापूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत खिसा निळा झालेला असतो. हाताच्या उबेनेही लहान प्रमाणात हेच घडते. पेन कोणतेही असो, घाटात ते निब वर करून, शक्यतो पूर्ण भरूनच न्यावे.

शाईच्या निवडीत आपल्या हवेचा विचार करावाच लागतो. पावसाळ्यात वहीचा कागद ओल धरतो आणि त्यावर शाई फुटते. अक्षराच्या कडेला बारीक मिशा फुटल्यासारख्या दिसतात. जाड निब आणि सैल वाहणारी शाई यांनी हा त्रास वाढतो, म्हणून कोकणातील नवशिक्याने बारीक निब घ्यावी आणि वह्या पत्र्याच्या पेटीत किंवा बंद कपाटात ठेवाव्यात. शाई पाण्यात टिकते का हे पाहण्यासाठी मी दोन्ही दौतींनी एकेक ओळ लिहून, दिवसभर वाळवून, कागद पागोळ्यांखाली धरला. रॉयल ब्लूचा पुसटसा माग उरला. काळ्या शाईची राखाडी छाया उरली, पण वाचता आली. रॉयल ब्लू प्रकारच्या शाया धुतल्या जाव्यात अशाच बनवलेल्या असतात, आणि शाळेच्या गणवेशाच्या दृष्टीने तो गुणच आहे. छत्रीतून दप्तर भिजत घरी येणाऱ्या मुलीच्या वहीसाठी मात्र मी काळी निवडली. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक ही रंगकणांची शाई पाण्याला दाद देत नाही, पण ती पेनात सुकू दिली तर जीभ तुंबते, त्यामुळे वर्षभर पेन नेमाने धुण्याची सवय लागल्याशिवाय ती घेऊ नये.

दौत विकत घेताना लेबल दोनदा वाचावे. लिहिण्याच्या शाईच्या शेजारीच चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मांडलेली असते; त्यातील लाखेसारखे बंधक द्रव्य वाळले की पुन्हा विरघळत नाही आणि पेन संपते. शिक्क्याच्या पॅडची शाईही तशीच वर्ज्य. आमच्या दुसऱ्या दौतीत गणपतीच्या सुमारास पांढरट तंतू तरंगताना दिसले. ही बुरशी आहे, आणि ती आली की गाळून वापरण्याचा मोह टाळून दौत फेकून द्यावी, पेनही धुऊन घ्यावे. तेव्हापासून दौतीत थेट निब किंवा वापरलेली सुई बुडवत नाही. आठवड्यापुरती शाई छोट्या काचेच्या कुपीत काढून घेतो आणि उरलेली पुन्हा दौतीत ओतत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने तपकिरी शाई मागितली आहे. पेन कन्व्हर्टरने धुऊन रात्रभर वाळवायला ठेवले आहे, आणि तपकिरीसाठी वेगळ्या दोन रिकाम्या नळ्या बाजूला काढल्या आहेत.