केमोच्या काळात हृदयाची तपासणी: टू-डी इको करावा की मुगा स्कॅन?

स्तनाच्या कॅन्सरसाठी लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन किंवा वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब द्यायचं ठरलं, की ही औषधं हृदयाला अपाय करू शकतात म्हणून डॉक्टर आधी हृदयाचं पंपिंग मोजून आणायला सांगतात. चिठ्ठीवर कधी कधी ‘इको किंवा मुगा’ असं लिहिलेलं असतं आणि निवड पेशंटच्या गळ्यात पडते. दोन्हींत मोजायचं तेच: इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ), म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडतं.

मुगात तुमच्याच लाल पेशींना टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ चिकटवतात, ईसीजीच्या तारा लावतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली निजवतात. शेकडो ठोक्यांची बेरीज होऊन आकडा येतो, त्यामुळे तपासणारा बदलला तरी तो फारसा हलत नाही. पूर्वी याच भरवशावर मुगाला मान होता. पण किरणोत्सर्ग आहेच. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मिळतात. एका मुगात त्याच्या साधारण दुप्पट-तिप्पट. ट्रास्टुझुमॅब चालू असताना तपासणी दर तीन महिन्यांनी लागते, म्हणजे हिशेब वाढत जातो. शिवाय झडपा किंवा हृदयाभोवती साठलेलं पाणी यांबद्दल मुगा जवळजवळ काहीच सांगत नाही. ठोके फार अनियमित असतील तर त्याचाही आकडा डळमळतो.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात किरणं नाहीत, झडपा दिसतात, पाणी दिसतं आणि तो जिल्ह्याच्या गावीही होतो. खरी मेख रिपोर्टमध्ये आहे. घाईच्या इकोत डॉक्टर नजरेच्या अंदाजाने ‘ईएफ ६०%’ लिहून मोकळे होतात. एरवी ते चालून जातं, केमोत नाही. कारण इथे ६२ वरून ५१ वर आलेलं कळायला हवं आणि साध्या टू-डी इकोत दहा टक्क्यांचा फरक निव्वळ मोजणीमुळेही पडू शकतो. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा: सिम्पसन पद्धतीने, म्हणजे डाव्या कप्प्याची कड आखून मोजणार का? थ्री-डी आहे का? स्ट्रेन मिळेल का? स्ट्रेन म्हणजे हृदयाचा स्नायू ठोक्याला किती आकसतो याचं माप. ते पहिल्या मापापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त घसरलं, तर ईएफ अजून ठीक असतानाच इशारा मिळतो.

माझं मत सरळ आहे: स्ट्रेनसह इको. युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही इकोलाच पहिली पसंती देतात. चित्र नीट दिसत नसेल तर एमआरआय, तोही जमण्यासारखा नसेल तर मुगा. स्थूलपणा, फुप्फुसाचा जुना आजार किंवा डाव्या छातीत बसवलेलं इम्प्लांट असेल, तर इकोत हृदय धूसर दिसतं. तिथे मुगाला नाकं मुरडू नका.

एकदा इको, पुढच्या वेळी मुगा असं मात्र करू नका. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन ठेवा आणि प्रत्येक वेळी जुना रिपोर्ट सोबत न्या. आकडा घसरलेला दिसला तर इंजेक्शन परस्पर बंद करू नका. ट्रास्टुझुमॅबमुळे झालेली घट औषध काही काळ थांबवल्यावर बहुतेकदा भरून येते, पण कधी आणि किती काळ थांबवायचं, हे कॅन्सरचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.