कॉलेजात पझल पार्किंग: परीक्षा संध्याकाळी पाचला असते

सोसायटीत बऱ्यापैकी चालणारं पझल पार्किंग कॉलेजच्या आवारात का रखडतं? मशिन तेच असतं: गाड्या पॅलेटवर, म्हणजे लोखंडी पाटांवर, ठेवून ते पाट वर-खाली आणि बाजूला सरकवणारं. वेगळं असतं ते वेळापत्रक. सोसायटीतल्या गाड्या सकाळभर एकेक करून बाहेर पडतात. कॉलेजात पाचला ऑफिस सुटतं आणि सव्वापाचला सगळ्यांनाच फाटकाबाहेर असायचं असतं.

हिशोब पाच खणांच्या, तीन मजली मशिनचा करू. एकूण जागा 15, पण सरकवायला वाट हवी म्हणून खालच्या आणि मधल्या मजल्यावर एकेक खण मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे गाड्या 13. तळाच्या चार गाड्या मशिन थांबलेलं असलं की थेट निघतात. वरच्या नऊ जणांसाठी मात्र पॅलेटं बाजूला सरकणार, हवं ते पॅलेट खाली येणार, मालक गाडीत बसणार, आरसे सांभाळत बाहेर काढणार. फेरीला अडीच मिनिटं धरा. नवव्या माणसाला वीस मिनिटं हातात किल्ली घेऊन उभं राहावं लागतं.

आता विक्रेता म्हणतो तसा सलग दहा खणांचा ब्लॉक घेतला तर गाड्या 28 मावतात, पण वर 19 असतात आणि एका वेळी एकच पॅलेट उतरतं. पाऊण तास गेला! त्याऐवजी पाच खणांचे दोन स्वतंत्र ब्लॉक घेतले, तर जागा दोनच कमी होतात आणि दोन्हीकडून गाड्या एकाच वेळी निघतात. कॉलेजने हाच पर्याय घ्यावा. दोन कंट्रोल पॅनल आणि दोन ऑपरेटर लागतात, तो खर्च आधीच धरा.

किंमत ऐकताना सावध. कोटेशनमध्ये भाव 13 गाड्यांवर भागलेला असतो. त्या जमिनीवर पाच गाड्या तशाही उभ्या राहत होत्या, वाढल्या आठच. एकूण रकमेला आठने भागा, मग खरा भाव दिसेल.

पॅलेटची वजनमर्यादा आणि मजल्याची उंची कागदावर लिहून घ्या. बुटक्या गाडीच्या मापाच्या मजल्यावर एसयूव्ही जात नाही, आणि स्टाफच्या नव्या गाड्या बहुतेक त्याच आकाराच्या. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, हेही लक्षात असू द्या. समोर वळायला सहा मीटर मोकळा रस्ता हवाच. तिथे एक स्कूटर आडवी लावली की सगळा ब्लॉक बंद.

एक मजला जमिनीखाली जाणारं, खड्डा असलेलं मॉडेल काळ्या मातीच्या, पाणी साचणाऱ्या आवारात घेऊ नये. जून ते सप्टेंबर पंपावर काढावे लागतील. बाकी बिघाड किरकोळ वाटतात, पण मशिन ठप्प करतात: फोटो सेन्सरवर कोळ्याचं जाळं किंवा वाळलेलं पान, पॅलेट जागेवर आलं की ते थांबवणारा, पण धुळीने अडकलेला लिमिट स्विच, उंदराने कुरतडलेली केबल. सेन्सरला वाटतं गाडी पॅलेटबाहेर आली आहे, मग मशिन हलत नाही, आणि हेच बरोबर आहे. चिडून सेन्सर बायपास करणाऱ्या ऑपरेटरला मात्र त्याच दिवशी थांबवा. साखळीचं ग्रीस, वायर रोपच्या तुटलेल्या तारा आणि पॅलेट अधांतरी अडकवणारे सेफ्टी हुक दर महिन्याला तपासायचं कलम देखभालीच्या करारात हवं. पावसात वरच्या गाडीचं चिखलपाणी खालच्या काचेवर ठिबकतं, यावरून होणारी भांडणं कुठल्याच करारात बसत नाहीत.

थोडक्यात, स्टाफच्या पंचवीस-तीस गाड्या, जादा जमीन अजिबात नाही आणि ऑपरेटर कायमचा, तर मशिन घ्यावं. विद्यार्थ्यांसाठी नको. पुण्यातल्या कॉलेजांत खरी गर्दी दुचाकींची असते, आणि एका कारच्या 2.5 बाय 5 मीटरच्या चौकोनात सहा दुचाकी मावतात. पांढरे पट्टे मारून, दुचाकींना वेगळं फाटक देऊन जे साधतं ते आधी करून पाहावं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची वाढ 2000 साली सांता क्लारा काउंटीने मंजूर केली ती गर्दीच्या वेळच्या गाड्यांच्या फेऱ्या वाढू न देण्याच्या अटीवर. तिथे गाडी लावायला पैसे पडतात आणि मार्गरीट नावाची शटल बस फुकट आहे. आपल्याकडे उलट: पार्किंग फुकट, बस स्टॉपपासून वर्गापर्यंत उन्हात पायपीट.

घ्यायचंच ठरलं, तर शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्या. तेराही पॅलेटं भरा, निम्म्या एसयूव्ही असू द्या. वरच्या नऊ गाड्या ओळीने उतरवायला सांगून स्टॉपवॉच लावा. एकदा मेन लाइनवर आणि एकदा ती बंद करून जनरेटरवर.