नॅनोव्हीएनए एच४: छोट्या अँटेनाची नाडी बघायचं यंत्र (आठ महिने वापरून)

आधीच सांगतो, हे मी हौसेनं नाही घेतलं, नाक कापलं गेलं म्हणून घेतलं. मित्राची निफाडजवळ द्राक्षबाग आहे, त्याला मातीतला ओलावा सांगणारे सहा लोरावाले (लोरा म्हणजे थोड्या विजेत लांबवर निरोप धाडणारी रेडिओ पद्धत) सेन्सर बनवून दिले होते. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी डबी, आत १८६५० सेल आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली अँटेना. पुण्यात माझ्या टेबलावर झकास चालायचे, बागेत लावले तर लांबचे दोन सेन्सर गप्पच. मित्र म्हणाला, "भाऊ, त्यापेक्षा मी चालत जाऊन माती चाचपतो की."

मग हे नॅनोव्हीएनए मागवलं. व्हीएनए म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला नीट चालते ते दाखवणारं यंत्र. मूळ डिझाईन जपानमधल्या एडी५५५ नावानं वावरणाऱ्या हौशी माणसाचं, त्यानं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आणि पुढं चीनमधल्या ह्युजेननं ते सुधारून विकायला काढलं. एच४ म्हणजे ४ इंची स्क्रीनवालं, दीड गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं. मला सहा-साडेसहा हजारांत पडलं, आणि कंपनीच्या लॅबमधलं मोठं व्हीएनए काही लाखांचं असतं, तेव्हा तुलना करूच नका. डब्यात दोन केबली आणि कॅलिब्रेशनचे (मोजण्याआधी यंत्र जुळवून घ्यायचे) ओपन, शॉर्ट, लोड असे चिमुकले तुकडे येतात. ते लोड हरवू नका, माझं एकदा सोफ्याच्या फटीत गेलं आणि अख्खा रविवार त्यात गेला.

आता खरी गंमत. हे यंत्र अँटेनात थोडा सिग्नल सोडतं आणि किती परत आला ते दाखवतं, त्याला एस११ म्हणतात. उणे १० डीबी म्हणजे १० टक्के पॉवर परत आली, उणे ६ म्हणजे २५ टक्के. मोबाईलच्या आतल्या अँटेनाला बऱ्याचदा उणे ६ वरही पास करतात, कारण जागाच नसते. माझे सेन्सर ८६६ मेगाहर्ट्झवर बोलतात, तिथं तरंगलांबी साधारण ३४.६ सेंमी, म्हणजे पाव लांबीची सरळ तार साडेआठ सेंमीच्या वर जाते, आणि माझी अख्खी पीसीबी (सर्किटची पाटी) ६ सेंमीची! म्हणून ती तार गुंडाळायची. पण गुंडाळली की पट्टा, म्हणजे ती ज्या फ्रिक्वेन्सींवर नीट चालते तो टापू, अरुंद होतो. व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) या संशोधकांनी तेव्हाच हिशोब मांडून ठेवलाय की लहान, कार्यक्षम आणि रुंद पट्ट्याची अशी तिन्ही सुखं एकाच अँटेनाला मिळत नाहीत. वाचलं होतं सगळं, पण स्क्रीनवर एस११ च्या ग्राफमधली ती बारीक खोल दरी (जिथं सगळ्यात कमी पॉवर परत येते) बघितली तेव्हा डोक्यात शिरलं.

तर टेबलावर उघडी पीसीबी ठेवली, दरी बरोबर ८६६ ला. वा. सेल जागेवर बसवला, ती सरकली. डबीचं झाकण लावलं, थेट ८३८ वर! प्लास्टिक अँटेनाला चिकटून बसलं की फ्रिक्वेन्सी खाली येते एवढीच गोष्ट, आणि मी सहाच्या सहा सेन्सर उघडे ठेवून तपासले होते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ बिनपरवाना वापरता येतं, तिथं माझी अँटेना बहिरी झाली होती. मग स्प्रिंगचे वेढे चिमट्यानं किंचित ताणले, उघड्यावर ८९० च्या पुढं नेली, झाकण लावल्यावर येऊन ८६६ ला बसली. दोन तासांचं काम. बागेत आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलचा जोर) ५-६ डीबीनं सुधारला, आता सहापैकी सहा बोलतात. (पावसाळ्यात पानं गच्च झाली की एक अधूनमधून रुसतो, त्याला हे यंत्र काय करणार.)

पण या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवलात तर फसाल, मी पहिले चार दिवस फसलेलो. पीसीबी एवढीशी असली की तिचं ग्राउंड हाच अँटेनाचा अर्धा भाग असतो, आणि तुम्ही जोडलेली केबलसुद्धा अँटेना बनते. ओळखायची खूण सोपी, केबलला हात लावला आणि ग्राफ हलला तर तुम्ही केबल मोजताय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून फेराइटचे (केबलीवरून वाहणारा नको तो सिग्नल अडवणारे) छोटे मणी आणले, अँटेनाच्या अगदी जवळ केबलीत ओवले, मग ग्राफ बऱ्यापैकी शांत झाला. कॅलिब्रेशनही त्या बारीक केबलीच्या टोकाला करायचं, यंत्राच्या तोंडाशी नाही.

दुसरी फसवणूक जास्त गोड आहे. ५० ओमचा रेझिस्टर लावा, एस११ एकदम देखणा येईल, आणि तो हवेत काही म्हणजे काही सोडत नाही, नुसता गरम होतो. म्हणजे पॉवर परत आली नाही एवढंच हे सांगतं, ती बाहेर गेली की आतच जिरली ते नाही सांगत. मी हावरटपणानं मॅचिंगसाठी (अँटेना सर्किटशी जुळवायला) स्वस्तातली इंडक्टर, म्हणजे तारेची छोटी कॉइल, टाकली, ग्राफ सुंदर आणि रेंज कमी. काढून टाकली. शेवटी मैदानात आरएसएसआय बघितल्याशिवाय पर्याय नाही.

हात जवळ नेऊन बघा, दरी कशी पळते ते. २०१० मध्ये आयफोन ४ ला डाव्या कोपऱ्यात धरलं की सिग्नल का पडायचा हे मला त्या क्षणी कळलं, बाहेरची धातूची पट्टीच अँटेना होती आणि तळवा तिच्या फटीवर बसायचा.

कुरकुरी: टचस्क्रीन नखानं दाबावी लागते, बोटाच्या पेराला ऐकत नाही, उन्हात तर काहीच दिसत नाही, बागेत मी डोक्यावर टॉवेल घेऊन उभा होतो. ३०० मेगाहर्ट्झच्या वर ते हार्मोनिकवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर) चालतं, म्हणून वर जाल तसं मोजमाप ढिलं होतं, पण अँटेनाच्या एस११ ला तेवढं पुरतं. लॅपटॉपवर नॅनोव्हीएनए-सेव्हर हे सॉफ्टवेअर टाका, मेनूत बोटं मारायचा वैताग वाचतो.

वायफाय किंवा ब्लूटूथची अँटेना करायची असेल तर हे अजिबात घेऊ नका, २.४ गिगाहर्ट्झ याच्या आवाक्यात नाही, लाइटव्हीएनए ६४ बघा, ते ६ गिगाहर्ट्झच्या पुढं जातं. लोरा, ४३३ मेगाहर्ट्झवाले रिमोट, हॅमवाले (हौशी रेडिओवाले) यांनी डोळे झाकून घ्या. पाचपैकी चार, एक त्या टचस्क्रीनचा कापला.