गेम झकास आहे, पण समोर खेळायला कोण आहे? नवा मल्टिप्लेअर घेण्याआधीची तुलना

मागे एकदा आम्ही पाच जणांनी एक नवा ऑनलाइन गेम बाजारात यायच्या तीन आठवडे आधीच विकत घेऊन ठेवला. दोघांनी तर महागडी आवृत्ती घेतली, कारण तिच्यात तीन दिवस आधी खेळायला मिळणार होतं आणि वर एक सोनेरी चिलखत. पहिला आठवडा धमाल गेला. पाचव्या आठवड्यात रात्री साडेदहाला मॅच शोधायला लावली, तर घड्याळ सहा मिनिटांवर गेलं तरी दहापैकी सातच जागा भरल्या होत्या. शेवटी गेमने आम्हाला कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर ढकललं. पिंग, म्हणजे माझी हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २४० मिलिसेकंद. मी धावत जाऊन भिंतीआड उभा राहिलो, हुश्श केलं, आणि मग मेलो. समोरच्याच्या स्क्रीनवर मी अजून उघड्यावरच होतो. गेममध्ये खोट म्हणावी अशी काही नव्हती. बंदुकांचे आवाज, नकाशे, सगळं छान. माणसंच उरली नव्हती.

तेव्हापासून नवा मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा गेम, जाहीर झाला की ट्रेलर बघायच्या आधी मी एवढंच शोधतो: एक मॅच भरायला किती माणसं लागतात?

एकच वर्ष, एकच किंमत, दोन तऱ्हा

हा प्रश्न का, ते दोन गेम शेजारी ठेवले की लगेच दिसतं. ‘हेलडायव्हर्स २’ आला ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, ‘कॉन्कॉर्ड’ त्याच वर्षी २३ ऑगस्टला. दोन्हींचा प्रकाशक सोनी. दोन्ही प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आले, दोन्ही ४० डॉलरचे, दोन्ही इंटरनेटशिवाय न चालणारे. पहिल्याच्या १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. दुसरा ६ सप्टेंबरला, म्हणजे दोनच आठवड्यांत, बंद झाला आणि सोनीने गिऱ्हाइकांचे पैसे परत केले.

आता खरा प्रश्न असा, की विकत घेण्याआधी यातलं किती कळण्यासारखं होतं? कॉन्कॉर्डच्या बाबतीत बरंच. जुलैमध्ये त्याचा खुला बीटा, म्हणजे विक्रीआधीची चाचणी, झाला होता. कुणीही यावं, फुकट खेळावं. तरी स्टीमवर (हे पीसी गेमांचं ऑनलाइन दुकान, तिथे खेळणाऱ्यांचे आकडे उघड दिसतात) एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा अडीच हजारांपर्यंतही पोचला नाही. फुकटात जिथे माणसं जमली नाहीत, तिथे तिकीट लावल्यावर कोण येणार? गेम आला तेव्हा स्टीमवरचा सर्वाधिक आकडा होता ६९७. प्लेस्टेशनवरचे आकडे असे बाहेर येत नाहीत, पण अंदाज बांधायला एवढं पुरेसं होतं. शिवाय त्याला टक्कर होती ‘ओव्हरवॉच २’, ‘व्हॅलोरंट’ अशा आधीच बस्तान बसलेल्या आणि फुकट असलेल्या गेमांशी.

हेलडायव्हर्स २ चा खुला बीटा झालाच नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी उडी आंधळेपणानेच मारली. ती फळली, पण लगेच नाही. गर्दी इतकी लोटली की सर्व्हरवर एका वेळी साडेचार लाखांची मर्यादा घालावी लागली. पैसे मोजलेली माणसं संध्याकाळभर ‘सर्व्हर भरले आहेत’ हा मजकूर वाचत बसली. स्टुडिओच्या प्रमुखानेच जाहीरपणे सुचवलं, की पैशांची ओढाताण असेल तर क्षमता वाढेपर्यंत थांबा. म्हणजे गेम आपटला तरी आधी घेणारा अडकतो, आणि तुफान चालला तरी पहिल्या आठवड्यात त्याच्याच नशिबी रांग येते.

आता माणसांचं गणित. कॉन्कॉर्ड पाच विरुद्ध पाच. दहा जण एकाच वेळी, जवळच्या सर्व्हरवर, साधारण सारख्या तयारीचे आणि तोच मोड खेळायची इच्छा असलेले हवेत. हजार माणसांना अशा चार चाळण्या लावल्या की खाली काय उरतं? हेलडायव्हर्समध्ये चौघांची तुकडी आणि समोर यंत्राने चालवलेले शत्रू. उद्या निम्मी दुनिया निघून गेली तरी आपले तीन मित्र टिकले की खेळ चालू. म्हणून मित्रांसोबत शत्रू मारायचा को-ऑप गेम असेल तर मी हात जरा सैल सोडतो. दहा, साठ, शंभर अनोळखी लोकांवर उभा असलेला गेम असेल तर गर्दी जमलेली दिसेपर्यंत खिशाला हात लावत नाही.

थांबलं तर फुकट मिळेल?

कधीकधी मिळतो. ‘रॉकेट लीग’ जुलै २०१५ मध्ये विकतचा होता, सप्टेंबर २०२० मध्ये फुकट झाला. ‘फॉल गाइज’ ऑगस्ट २०२० मध्ये आला आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, जून २०२२ मध्ये, फुकट. ‘ओव्हरवॉच’चं प्रकरण जरा कडू आहे. २०१६ मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेला तो गेम ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद करून त्याच्या जागी फुकटातला दुसरा भाग आणला. जुना हवा म्हणणाऱ्यांना तो मिळेना.

पण उलटंही घडतं. ‘आर्क रेडर्स’ सुरुवातीला फुकट म्हणून जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० डॉलरला विकायला आला. फरक एवढाच, की त्यांनी विक्रीच्या दोन आठवडे आधी एक शनिवार-रविवार सर्वांना मोकळा खेळू दिला. ज्याला घ्यायचा त्याने हाताळून घेतला. मला हे प्रामाणिक वाटतं.

रॉकेट लीग पाच वर्षं खेळून मग तो फुकट झाला म्हणून हळहळणारे मला कधी कळले नाहीत. पाच वर्षं खेळलात ना? पैसे फिटले. शिवाय फुकट गेमचा खर्च बॅटल पास (खेळत बक्षिसं मिळवण्यासाठी दर हंगामाला विकत घ्यायचा पास) आणि पोशाखांच्या दुकानातून थेंबथेंब गळत राहतो, महिन्याचा हिशोब केल्याशिवाय लक्षातही येत नाही.

चावी कुणाकडे

गेमचे सर्व्हर कुणाच्या हातात आहेत, याबद्दल फार कुणी विचारत नाही. ‘व्हॅलहाइम’मध्ये तुमचं जग तुमच्याच संगणकावर राहतं आणि सर्व्हरही तुम्ही चालवू शकता. कंपनी उद्या दुसऱ्या कामाला लागली तरी मित्रमंडळी खेळत राहतील. याउलट ‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांचा गेम. यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने चालवायची सोयही त्यासोबत गेली. त्या रागातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात जुलै २०२५ मध्ये तिच्या सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. येणाऱ्या गेमच्या माहितीत स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सोय लिहिलेली दिसली, तर माझ्या लेखी तो गेम दोन पायऱ्या वर चढतो.

मग कधी घ्यावा?

आगाऊ घेण्याचं कारण मला आजवर पटलेलं नाही. डाउनलोड करायच्या मालाचा साठा संपत नाही. सोनेरी चिलखत आठवडाभरात सगळ्यांच्या अंगावर दिसतं. स्टीमवर गेम यायच्या आधी कधीही पैसे परत मागता येतात, ते ठीक. आल्यानंतर मात्र १४ दिवस (आगाऊ घेतला असेल तर गेम आल्यापासून, नाहीतर खरेदीपासून) आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, अशी दुहेरी अट आहे. महागड्या आवृत्तीतले ‘आधी खेळा’चे तासही २०२४ पासून त्या दोनात धरले जातात. दोन तास म्हणजे मल्टिप्लेअरमध्ये काहीच नाही. पात्राचं नाक कसं हवं ते ठरवा, शिकवणीचा भाग उरका, सर्व्हरच्या रांगेत उभे राहा, झाले दोन तास. प्लेस्टेशनच्या दुकानात तर डाउनलोड सुरू केलंत की गेममध्ये दोष असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. आणि कन्सोलवर विकतचा गेम ऑनलाइन खेळायला सहसा वेगळी वर्गणीही लागते. ती किमतीत धरा.

थांबण्यालाही किंमत आहे, हे मात्र खरं. एकट्याने खेळायचा गेम वर्षाने घेतला तरी तोच असतो, उलट दुरुस्त होऊन स्वस्तात मिळतो. मल्टिप्लेअरची खरी गंमत पहिल्या महिन्यात असते, जेव्हा सगळेच नवशिके असतात आणि कुणालाच नकाशा पाठ नसतो. सहा महिन्यांनी गेलात तर दाराच्या फटीतून डोकं उडवणारे लोक स्वागताला उभे. मला म्हणून दुसरा आठवडा सोयीचा वाटतो. सर्व्हर शांत झालेले असतात, पहिल्या गर्दीतले किती टिकले ते स्टीमच्या आकड्यांत दिसतं, आणि बाकीचेही अजून चाचपडतच असतात. को-ऑप असेल आणि तिघं नक्की येणार असतील, तर पहिल्याच दिवशी घ्यायला हरकत नाही.

सध्या आमच्या ग्रुपमध्ये पुन्हा एका येणाऱ्या गेमचं वारं आहे. सहा विरुद्ध सहा, सर्व्हर कंपनीचे. चौघांनी बीटाची तारीख लिहून ठेवली आहे. पाचव्याने परवाच तीन दिवस आधी खेळायला मिळणारी महागडी आवृत्ती घेतली आणि वर म्हणतो, “नाही आवडला तर रिफंड आहेच की.” त्या तीन दिवसांत दोन तासांवर थांबणारा हा प्राणी नव्हे.